मित्राचा सल्ला बरोबर आहे, पण वर्षं चुकीची आहेत

प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला राहतो. मी ५८, पत्नी ५७. गेल्या डिसेंबरात मी नोकरी सोडली, म्हणजे २०२६ हे बिनपगाराचं पहिलं वर्ष. ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीचं खातं, पैसे काढताना कर लागतो) ९ लाख डॉलर आहेत, ब्रोकरेज खात्यात साडेचार लाख. शिवाय पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी. आरोग्यविमा हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी विमाबाजारावरून घेतलाय, सिल्व्हर (मधल्या श्रेणीचा) प्लॅन, सबसिडीसह. पत्नीला संधिवाताची महागडी औषधं चालू आहेत. मित्र म्हणतो, ६५ पर्यंत दरवर्षी १ लाख रॉथमध्ये (आज कर भरून पुढे करमुक्त काढायचं खातं) हलवा, फक्त १२ टक्के कर लागेल, नाहीतर म्हातारपणी आरएमडी (आयआरएतून दरवर्षी सक्तीने काढावी लागणारी रक्कम) अंगावर येईल. करू का?”

यंदा करू नका. त्या १ लाखावर तुम्हाला १२ नव्हे, ३३ टक्के मोजावे लागतील.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून वर्षाचं उत्पन्न असं दिसतं: डिव्हिडंड ९,०००, बचतीवरचं व्याज ४,०००, एनआरई व्याज साधारण ६,५००, पुण्याचं भाडं खर्च आणि घसारा वजा जाता २,०००, आणि घरखर्चासाठी शेअर विकाल त्यातला नफा १४,०००. एकूण ३५,५०० डॉलर. यावर फेडरल कर शून्य, कारण जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शनच यंदा ३२,२०० आहे, आणि क्वालिफाइड डिव्हिडंड व दीर्घ मुदतीचा नफा शून्य टक्क्यांत बसतो. तुमच्या भागातल्या बेंचमार्क प्लॅनचा (ज्यावरून सबसिडी ठरते त्याचा) दोघांचा हप्ता महिना २,१०० आहे, म्हणजे वर्षाला २५,२००. एवढ्या उत्पन्नावर त्यातले तुमच्या खिशातून जातात सुमारे १,८००. बाकीचे साधारण २३,४०० सबसिडीतून येतात.

आता यात १ लाखाचं कन्व्हर्जन, म्हणजे आयआरएतून रॉथमध्ये हलवणं, घाला. उत्पन्न १,३५,५०० होतं. कर सुमारे ९,८०० बसतो, आणि मित्राने एवढाच पाहिला आहे. पण दोघांच्या घराला सबसिडीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के, म्हणजे यंदा ८४,६०० डॉलर. २०२१ पासून ही मर्यादा उठवलेली होती. ती सवलत २०२५ अखेर संपली. त्यामुळे यंदा ८४,६०० वर एक डॉलर गेला तरी सबसिडी शून्य. ९,८०० कर आणि २३,४०० सबसिडी मिळून ३३,२०० डॉलर, १ लाख हलवण्यासाठी. शिवाय पूर्वी आगाऊ घेतलेली सबसिडी परत करायला अनेकांना वरची मर्यादा असायची. २०२६ पासून तीही काढून टाकली आहे. जास्त घेतली असेल तर सगळी परत.

मग मर्यादेच्या आत राहून ४५,००० हलवले तर? मी हाही हिशेब केला. कर अडीच हजार, सबसिडीत घट सुमारे ६,२००. एकूण पावणेनऊ हजार, म्हणजे १९ टक्क्यांहून जास्त. फक्त स्टँडर्ड डिडक्शन पुरेपूर वापरण्यापुरते, १९,७०० हलवले तर कर काहीच नाही, पण हप्त्यात तुमचा वाटा ३,००० ने वाढतो. तेही १५ टक्केच झाले. उत्पन्न वाढेल तशी सबसिडी हळूहळू आटते, आणि तो कर कुठल्याही टॅक्स टेबलात दिसत नाही.

याच्याशी तुलना कशाची करायची? पुढच्या कराची. तुमचा जन्म १९६० नंतरचा, म्हणून आरएमडी ७५ व्या वर्षी सुरू होईल. समजा आजच्या किमतीत आयआरए तोवर १२ लाखांवर गेला. पहिल्या वर्षी भाजक (शिल्लक रकमेला ज्याने भागायचं तो आकडा) २४.६, म्हणजे सुमारे ४८,८०० काढावे लागतील. सोशल सिक्युरिटी धरूनही आजच्या टेबलाप्रमाणे तुम्ही दोघं १२ टक्क्यांतच राहण्याची शक्यता जास्त. उद्याचे १२ वाचवायला आज १९ भरण्यात अर्थ नाही. खरी काळजी वेगळी आहे. दोघांपैकी एक मागे राहिला की तो ‘सिंगल’ म्हणून कर भरतो, आणि त्याला ५०,४०० च्या करपात्र उत्पन्नानंतर लगेच २२ टक्के लागतात. तेवढ्यासाठी रॉथमध्ये काही रक्कम असावी, हे मला पटतं.

पण ती भरायची वर्षं पुढे आहेत. २०३३ मध्ये तुम्ही आणि २०३४ मध्ये पत्नी मेडिकेअरवर (६५ पासूनचा सरकारी आरोग्यविमा) जाल. तिथून ७५ पर्यंत आठ-नऊ वर्षं मिळतात. सोशल सिक्युरिटी ७० पर्यंत लांबवली तर त्यातली सुरुवातीची वर्षं अगदी मोकळी. तेव्हा मित्राने सांगितलेले १२ टक्के खरोखर १२ च्या आसपास असतील. मेडिकेअरचा जादा हप्ता जोडप्याला यंदाच्या आकड्यांप्रमाणे २,१८,००० च्या वर लागतो, त्याच्या जवळपासही तुम्ही जात नाही.

यंदा मी तुमच्या जागी ६,००० हलवले असते, त्याहून जास्त नाही. कारण पत्नीची औषधं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आत, म्हणजे ४२,३०० पर्यंत असलं तर सिल्व्हर प्लॅनचा डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (दर वेळी भरायचा वाटा) बराच कमी होतो. महिन्याला औषध घेणाऱ्या घरात ही सवलत घालवू नये. ती औषधं नसती तर मी १९,७०० पर्यंत जा म्हटलं असतं.

एनआरई व्याजाकडे मात्र नीट बघा. भारतात ते करमुक्त, टीडीएसही कापला जात नाही, म्हणून ते सहज विसरलं जातं. अमेरिकेत ते पूर्ण करपात्र आहे आणि सबसिडीच्या उत्पन्नातही धरतात. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं येतं, तुम्हाला हवं जानेवारी ते डिसेंबरचं. तेव्हा खात्याचा उतारा काढून स्वतः बेरीज करा. पुण्याच्या भाड्यावर तिकडे कर भरलात तर फॉरेन टॅक्स क्रेडिटने इथला कर कमी होतो, उत्पन्न कमी होत नाही.

कन्व्हर्जन डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा, म्युच्युअल फंडांचं वर्षअखेरचं वाटप कळल्यावर. घाई नको, कारण २०१८ पासून केलेलं कन्व्हर्जन उलटवता येत नाही. पण ३१ डिसेंबरही ओलांडू देऊ नका. उलट एखाद्या वर्षी बाजार पडला आणि नफा काहीच झाला नाही, तर उत्पन्न त्या वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या (यंदा २१,१५०) खाली जाऊ देऊ नका. टेक्सासने मेडिकेडचा (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) विस्तार केलेला नाही, त्यामुळे त्याखाली सबसिडीही नाही आणि मेडिकेडही नाही. अशा वर्षी फरकापुरतं कन्व्हर्जन करून उत्पन्न वर आणा. आणि वर्षाच्या मध्यात अंदाज बदलला तर हेल्थकेअर डॉट गव्हच्या अर्जात तो लगेच बदला, एप्रिलच्या रिटर्नची वाट पाहू नका.