आंब्याचा केक, गिरणीचं पीठ आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात ग्लूटेन-फ्री, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन नसलेल्या, बेकिंगबद्दल विचारा म्हटलं होतं तर पत्रांचा ढीगच आला, त्यातली फळांच्या गोड पदार्थांची निवडून घेतलीत.

प्रश्न : ताई, मुलीला सिलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) निघालंय. वाढदिवसाला हापूसचा केक केला, नेहमीच्या रेसिपीत मैद्याऐवजी तेवढंच कपभर तांदळाचं पीठ घातलं. वरून करपला, आत चिकट, आणि फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी वीट! काय चुकलं? (नाशिक)

पहिलं म्हणजे कपाने मोजू नका, वजन करा. एक कप मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो आणि तांदळाचं पीठ दीडशेच्या पुढे जातं, म्हणजे तुम्ही नकळत बरंच जास्त पीठ घातलंत. दुसरं, मैद्यातलं ग्लूटेन हवेचे बुडबुडे धरून ठेवतं, तांदळात ते नाहीच, त्यामुळे धरून ठेवायला काहीतरी लागतं, अंडी किंवा इसबगोल, आणि त्यात आमरस म्हणजे नुसतं पाणी आणि साखर, साखरेमुळे वरून लवकर लाल होतो आणि पाण्यामुळे आत कच्चा राहतो. म्हणून रस आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवून घ्या, चमच्यावरून पटकन ओघळणार नाही इतका, आणि पूर्ण गार होऊ द्या. डब्यातला आमरस असेल तर त्यात बहुतेक वेळा साखर असतेच, तेवढी तुमची कमी करा.

माझं माप असं : तांदळाचं बारीक पीठ १०० ग्रॅम, बदामाची पूड १०० ग्रॅम, लोणी १००, साखर १२०, आटवलेला रस १५०, अंडी ३, इसबगोल एक छोटा चमचा, मिठाची चिमूट. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवा, तांदळाचं पीठ भिजलं नाही की दाताखाली कचकच लागतं, ही पायरी गाळू नका. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, पण ती अगदी शेवटी, टिनमध्ये ओतायच्या आधी. सात इंची टिन, १७० डिग्री, ४० ते ४५ मिनिटं, पंचविसाव्या मिनिटाला वरून फॉइल टाका. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, गरम असताना हमखास तुटतो.

आणि वीट झाली ती फ्रीजमुळे! भात फ्रीजमध्ये ठेवला की कडक होतो ना, तेच इथे होतं. उरलेला केक तुकडे करून सरळ फ्रीजरमध्ये टाका, खाताना थोडा गरम केला की परत मऊ.

प्रश्न : आम्ही ज्वारी, नाचणी गिरणीतूनच दळून आणतो. त्या पिठाचे केक सिलिअ‍ॅकवाल्याला चालतील ना? (सांगली)

नाही चालणार, आणि हे मी जरा ठासूनच सांगते कारण बहुतेक घरी इथेच घोटाळा होतो. ज्वारीत ग्लूटेन नाही हे खरं, पण तुमच्या आधी कुणीतरी गहू दळून गेलेला असतो आणि त्याचं पीठ जात्यात, नळीत, खालच्या डब्यात सगळीकडे बसलेलं असतं. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, गिरणीतल्या पिठाची तशी काहीच खात्री नाही. गिरणीवाल्याला "आधी थोडी ज्वारी दळून फेकून दे" सांगणारे लोक आहेत, मला तेही पुरेसं वाटत नाही. घरच्या घरी दळा (पण त्या घरघंटीत गहू कधीच नाही, हे नक्की हवं) नाहीतर लेबल बघून पाकीट घ्या. चाळणी वेगळी, पोळपाट वेगळा. रवा, शेवया, बार्ली आणि खपली, हे सगळं बंदच, खपलीही गहूच आहे, "पचायला हलकी" म्हणून कुणी आग्रह केला तरी नको. ओट्सही साधे नकोत, त्यात गव्हाची भेसळ सर्रास असते.

प्रश्न : बेकिंगचा अनुभव शून्य, छोटा ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन) आहे. सुरुवात कशाने करू? (पुणे)

क्रम्बलने, म्हणजे खाली फळं आणि वर पीठ-लोण्याचा रवाळ थर घालून भाजायचं! केक फुगवायचं टेन्शनच नाही, उलट क्रम्बलमध्ये ग्लूटेन नसलेलंच बरं, ते आलं की वरचा थर चिवट होतो. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, बदामाची पूड ५०, किसलेला गूळ ६०, फ्रीजमधलं गार लोणी ७५, बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा. खाली अर्धा किलो फळं, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की ती, एरवी सफरचंद. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटतं म्हणून तिला मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा. १८० डिग्रीला ३५ मिनिटं, कडेने रस खदखदायला लागला की झालं.

प्रश्न : ओव्हनच नाहीये. (चिपळूण)

अहो तुम्ही तर कोकणात, सांदण करा की! तांदळाच्या कण्या, फणसाचा नाहीतर आंब्याचा रस, गूळ, नारळाचं दूध, आणि इडलीपात्रात वाफवायचं. मूळचंच ग्लूटेन-फ्री, वर मैद्याची नक्कल करायला जात नाही म्हणून मला तर केकपेक्षा जास्त आवडतं. फक्त कण्या दुकानात इडली रवा म्हणून मागा, नुसता रवा म्हटलं तर गव्हाचा हातात येईल.

प्रश्न : वजन कमी करायला घरातलं सगळं ग्लूटेन-फ्री करावं का? पोटही सारखं फुगतं. (ठाणे)

वजनासाठी नको. वर दिलेल्या केकमध्ये लोणी, साखर, बदाम किती आहे बघा, गहू नाही म्हणून तो हलका होत नाही. पण पोट सारखं फुगत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा आणि तोवर गहू सोडू नका, सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच नीट कळते, आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो.

प्रश्न : बिस्किटाशिवायचं अननसाचं थंड पुडिंग केलं, जिलेटिन घालूनही सेट झालं नाही. (इंदूर)

ताजा अननस घातला असणार. त्यातलं एन्झाइम जिलेटिन फोडून टाकतं, कच्ची पपई आणि किवीचंही तसंच. अननस साखरेत पाच-सात मिनिटं उकळून गार करून घाला किंवा जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरा, त्याला अननसाने काही होत नाही.