नाताळची टर्की जुलैतच ठरते

प्रश्न : यंदा नाताळसाठी पंचवीसेक टर्की वाढवून विकायचा विचार आहे. दिवाळीनंतर पिल्ले आणली तर चालेल का? (वसई)

उत्तर : नाही चालणार. दिवाळीनंतर आणलेले पिल्लू नाताळला जेमतेम सहा ते नऊ आठवड्यांचे असेल. परसात वाढणाऱ्या टर्कीला अंग धरायला २० ते २४ आठवडे लागतात. २० डिसेंबरपासून २४ आठवडे मागे मोजत गेलात, की जुलैचा पहिला आठवडा येतो. अंडी स्वतः उबवणार असाल तर त्याआधीचे २८ दिवस धरा. म्हणजे पिल्ले नेमकी भर पावसात सांभाळायची आहेत. शेडमधला तूस ओला राहिला की रक्ती हगवण लागलीच, म्हणून जूनआधीच पत्रे आणि पागोळ्या नीट करून घ्या. मिळाली तर पांढऱ्या पिसांची जात घ्या. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘कारी विराट’ तशीच आहे. काळ्या पिसांची खुंटे सोललेल्या कातडीवर डाग दाखवतात, पांढऱ्यांची दिसत नाहीत.

प्रश्न : खाद्य-पाणी समोर असूनही पहिल्या दहा दिवसांत निम्मी पिल्ले गेली. कोणता रोग असेल? (सावंतवाडी)

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला रोग वाटत नाही, पिल्ले उपाशी मेली. कोंबडीचे पिल्लू आपले आपण टिपायला शिकते, टर्कीच्या पिल्लाला शिकवावे लागते. त्याला चकाकणारे आणि रंगीत पटकन दिसते, म्हणून पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत गोट्या टाका. पिल्ले त्यात बुडतही नाहीत. दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे बारीक करून खाद्यावर भुरभुरा. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात, गोणपाट बरे. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअस हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. आणि ब्रॉयलरचे खाद्य यांना पुरत नाही. सुरुवातीला २८ टक्के प्रथिने लागतात.

प्रश्न : गावरान कोंबड्यांच्या खुराड्यातच ठेवू का?

उत्तर : कृपा करून नको. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांबरोबर ‘ब्लॅकहेड’ या रोगाचे जंतू येतात. कोंबडी त्यातून बहुधा तरून जाते, टर्की पिवळी हगवण होऊन दगावते. कोंबड्या फिरल्या ती जागाही टाळा.

प्रश्न : गेल्या नाताळला घरी कापून दिलेले पक्षी चिवट निघाले. गिऱ्हाइके अजून बोलून दाखवतात. (पालघर)

उत्तर : तुम्ही २४ तारखेला सकाळी कापून दुपारी दिलेत, असे लिहिले आहे. चूक तिथेच झाली. कापल्यावर स्नायू आखडतात आणि ते सैल व्हायला मोठ्या पक्ष्याला फ्रिजमध्ये पूर्ण दिवस द्यावा लागतो. लगेच शिजवा की लगेच फ्रीझरमध्ये टाका, मांस रबरासारखेच होणार. २१-२२ तारखेला कापा, २३-२४ला द्या.

आदले दहा-बारा तास खाद्य बंद ठेवा, पाणी चालू द्या; पोटातली घाण मांसाला लागत नाही. पकडताना धावपळ करू नका. घाबरलेला पक्षी पंख आपटतो, छातीवर रक्त साकळते, आणि त्या जिवाला शेवटच्या घटकेला इतका त्रास देण्याचे कारणही नाही. पत्र्याच्या नरसाळ्यात उलटा धरला की शांत राहतो. पिसे सुटावीत म्हणून कापलेला पक्षी ज्यात बुडवायचा ते पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, एखादा मिनिट पुरतो. उकळत्या पाण्यात कातडी फाटते. आतडी काढताच बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि मांस आतपर्यंत चार अंशांखाली जाईपर्यंत बर्फ घालत राहा. पंचवीस पक्ष्यांना किती बर्फ लागतो याचा अंदाज हमखास चुकतो, तेव्हा दुप्पट सांगून ठेवा. घरी कापून विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आणि ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची परवानगी आगाऊ रक्कम घेण्याआधीच मिळवा.

प्रश्न : भाव जिवंत वजनावर लावावा की साफ केलेल्या?

उत्तर : साफ केलेल्या. मात्र ते ऑर्डर घेतानाच सांगा आणि काटा गिऱ्हाइकासमोर लावा. त्याच वेळी घरच्या ओव्हनचे माप विचारा. मोठा नर बहुतेक घरगुती ओव्हनमध्ये मावत नाही. अशा घरी मादी द्या.