पिटन्स, भत्ता आणि पंगतीतलं जादा वाढप

प्रश्न असा आला आहे: एका इंग्रजी बातमीत अपघातग्रस्तांना मिळालेल्या भरपाईला ‘पिटन्स’ म्हटलं होतं. ‘अगदीच अपुरी रक्कम’ एवढा अर्थ कळला. मराठीत त्याला काय म्हणावं? आणि ‘स्मॉल पिटन्स’ ही द्विरुक्ती नाही का?

आधी एक विनंती. ‘मला पिटन्स पगार मिळतो’ असं बोलणं कृपा करून थांबवा. गेली काही वर्षं हे सारखं कानावर येतंय. पिटन्स हे नाम आहे, विशेषण नव्हे. पगार म्हणजे पिटन्स आहे, असं म्हणा. आणि ‘पेटी कॅश’मधल्या पेटीशी त्याचं काही नातं नाही. ती पेटी फ्रेंचमधल्या ‘लहान’ या अर्थाच्या शब्दावरून आली, पिटन्स आला दयेवरून.

खरी मजा इथून पुढे आहे. लॅटिन ‘पिएतास’ म्हणजे देवाबद्दलची, आईवडिलांबद्दलची श्रद्धा. रोममधल्या मायकेलँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाचं नाव त्यातलंच. इंग्रजीतले पायटी (धर्मनिष्ठा) आणि पिटी (दया) हे दोन्ही शब्द तिथलेच, आणि जुन्या फ्रेंचमधून 13 व्या शतकात इंग्रजीत शिरलेला पिटन्सही तिथलाच. तेव्हा त्याचा अर्थ होता ख्रिस्ती मठातलं जादा वाढप. मठांसाठी संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमानुसार संन्याशाला दिवसाला साधारण पौंडभर पाव आणि जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ. कोणी श्रीमंत माणूस मरताना मठाला जमीन किंवा पैसे देऊन जाई, की माझ्या पुण्यतिथीला सगळ्यांना थोडं अधिक वाढा आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. त्या दिवशी पानात पडणारी मासळी, अंडी किंवा जास्तीची वाइन म्हणजे पिटन्स. फ्रान्समधल्या क्ल्युनीच्या मठात तर नेमाचा पदार्थ प्रत्येकाला वेगळा मिळे आणि पिटन्स दोघांत एक. हे वाढप सांभाळणारा अधिकारीही असे, त्याला पिटन्सर म्हणत.

म्हणजे ज्या शब्दाने आज आपण कमतरता दाखवतो, तो मुळात जास्तीचा होता! इटालियनमध्ये ‘पिएतान्त्सा’ आजही ताटातला पदार्थच. इंग्रजीत मात्र जादाचा घास आधी लहान वाटा झाला, मग अपुरा वाटा, मग अपुरा पैसा.

काही जुन्या लॅटिन कोशकारांनी हा शब्द ‘पिक्ता’ या फ्रान्समधल्या प्वातू प्रांताच्या सरदारांच्या चिल्लर नाण्यावरून आल्याचं सांगितलं आहे: एका पिक्ताच्या किमतीचं जेवण, म्हणून पिटन्स. मला हे मुळीच पटत नाही. आजचा अर्थ हातात धरून मागे चालत जायचं आणि वाटेत सापडलेलं सर्वांत लहान नाणं उचलायचं, ही व्युत्पत्ती नव्हे. शब्दात पैसा शेवटी शिरला, सुरुवातीला फक्त अन्न होतं.

आता आपल्याकडे या. संस्कृत ‘भज्’ म्हणजे वाटणं. भाग, विभक्त हे त्यातले. ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेलं, म्हणून अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ. प्राकृतात भत्त, मराठीत भात. देवाचा भक्त आणि ताटातला भात एकाच धातूचे! पिएतास आणि पिटन्सची जोडी आपल्या घरात रोज चुलीवर शिजते आहे.

पाली विनयात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, हे साम्य इतकं जवळ येतं की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. भिक्षूचं मूळ जेवण म्हणजे दारोदार मिळालेले घास. त्यापलीकडचं जे मिळेल त्याला ‘अतिरेकलाभ’ म्हटलं आहे, आणि त्याच्या यादीत संघभत्त, शलाका (चिठ्ठ्या) टाकून वाटलेलं सलाकभत्त, उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशीचं जेवण असे प्रकार येतात. वाटणारा अधिकारी तो भत्तुद्देसक. हा तर पिटन्सरच की! राजगृहात हे काम दब्ब मल्लपुत्त या भिक्षूकडे होतं, आणि आपल्या वाट्याला निकृष्ट अन्न येतं म्हणून काही भिक्षूंनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. अपुऱ्या वाट्यावरून होणारी भांडणं इतकी जुनी आहेत.

माझं ठाम मत आहे की आपला ‘भत्ता’ या ‘भत्त’चाच वंशज. नेमाच्या पगारावर जादा मिळतो तो भत्ता, जसा नेमाच्या जेवणावर पिटन्स. कंपनी सरकारच्या फौजेतही मोहिमेवर हा मिळे. बंगालचा गव्हर्नर क्लाइव्हने दुप्पट भत्ता बंद केला तेव्हा 1766 मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे पुढे केले होते. भत्त्याचं मूळ ‘बट्टा’त शोधणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. बट्टा म्हणजे नाणी बदलताना होणारी कपात, नावाला लागतो तोही बट्टा. कपात आणि वाढ एकाच शब्दात कोंबायची कशी? इंग्रजांनी दोन्ही ‘बॅटा’ असे लिहून गोंधळ केला, आणि 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशालाही हे दोन वेगळे शब्द आहेत असं सांगावं लागलं. नगर-नाशिककडचा मुरमुऱ्यांचा भत्ताही याच घरातला असावा असं मला फार वाटतं, तांदूळच तो.

‘स्मॉल पिटन्स’बद्दल: द्विरुक्ती आहे, पण पाप नाही. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये ट्रानिओ पाहुण्याला सांगतो की आयत्या वेळी ठरल्यामुळे जेवण बेताचंच असेल, तिथे पिटन्सला दोन-दोन विशेषणं जोडली आहेत. आणि तिथेही तो जेवणाचाच आहे, पैशाचा नाही.

मराठीत? ‘तुटपुंजी रक्कम’ चालेल, तुटकी पुंजी ती तुटपुंजी. ‘भीक’ नको. भीक मागावी लागते, पिटन्स न मागता हातावर ठेवतात. बातमीच्या मथळ्यासाठी मी ‘बोळवण’ घेईन. लेकीला, पाहुण्याला प्रेमाने निरोप देणं ती बोळवण, आणि आज तोच शब्द थोडक्यात वाटेला लावण्यासाठी वापरतात. पिटन्सचा सगळा प्रवास त्यात येतो: ‘अपघातग्रस्तांची तुटपुंज्या भरपाईवर बोळवण’.