नोंद कोणी केली, हे आधी पाहावे

चि. यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा मृत्यूच्या कारणांचा तक्ता, दोन्ही मिळाले. संख्याशास्त्राचा उगम फाशांच्या जुगारातून निघालेल्या गणितात मानावा की राजांच्या खानेसुमारीत, असा तुझा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या जर्मन शब्दावरून या शास्त्राचे युरोपीय नाव, स्टॅटिस्टिक्स, आले, तो अठराव्या शतकात आखेनवाल या जर्मन प्राध्यापकांनी रूढ केला. त्याचा अर्थ राज्याचे वर्णन एवढाच होता आणि त्या वर्णनात आकडे असलेच पाहिजेत असेही नव्हते. तेव्हा नावाचा माग काढून फारसे हाती लागणार नाही. तुझ्या कामाला उपयोगी पडेल असा पूर्वज मला लंडनच्या एका दुकानदारात दिसतो.

जॉन ग्रॉन्ट हा बटणे, फिती अशा किरकोळ मालाचा व्यापारी. लंडनमध्ये त्या काळी दर आठवड्याला मृत्यूंची छापील पत्रके निघत. माणूस मेला, की चर्चची घंटा ऐकून किंवा कबर खणणाऱ्याकडून समजल्यावर, शपथ घेऊन नेमलेल्या वृद्ध बायका त्या घरी जात, प्रेत पाहत, चौकशी करत आणि मृत्यूचे कारण ठरवून पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, कारकुनाला सांगत. मंगळवारी रात्री सगळ्या कारकुनांची टिपणे एकत्र येत, बुधवारी छपाई होई आणि गुरुवारी वर्षाला चार शिलिंग भरणाऱ्यांच्या हाती पत्रक पडे. लोक तळची बेरीज पाहत, एखादा विचित्र मृत्यू गप्पांसाठी उचलत, आणि प्लेगच्या दिवसांत श्रीमंत मंडळी गाव सोडायचे की नाही ते त्यावरून ठरवत. ग्रॉन्टने अनेक वर्षांची पत्रके जमवली, ओळीने मांडली आणि 1662 साली त्यांवर एक छोटे पुस्तक छापले. त्यातले गणित म्हणजे आपले दुकानी हिशेबच आहेत, असे तो स्वतःच म्हणतो.

त्या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा गरमीच्या रोगाविषयीची (सिफिलिसची) आहे. या रोगाने मेलेले लोक पत्रकांत इतके थोडे का, याचे त्याला नवल वाटले. शोध घेतल्यावर असे दिसले, की अशा जवळजवळ साऱ्या नोंदी दोनच पॅरिशमधून येत होत्या, आणि त्याही ज्यांची नाके झडून गेली होती अशा, सर्वांनी वाळीत टाकलेल्या माणसांच्या. बाकीच्यांच्या घरी त्या बायकांना एक पेला बिअर आणि नेहमीच्या एका ग्रोट नाण्याऐवजी दोन मिळत, आणि कारणाच्या रकान्यात क्षय किंवा जखमा असे लिहिले जाई. म्हणजे आकड्यावर भाष्य करण्याआधी तो कोणाच्या तोंडून आला आणि खोटे सांगण्यात त्या व्यक्तीचा काय फायदा होता, हे त्याने विचारले. मुडदूस हे नाव 1634 साली पत्रकांत प्रथम आले, तेव्हाही हा रोग नवा की केवळ नाव नवे, असा प्रश्न त्याने केला, आणि उत्तरासाठी आधीच्या वर्षांत त्याच्याशी मिळतेजुळते कोणते नाव वापरात होते ते तपासले.

लंडनची लोकसंख्या काढण्याची त्याची रीत तर कोणत्याही वाण्याला समजेल. जाणती माणसेही दहा लाखांखाली बोलत नसत. ग्रॉन्टने काही पॅरिशांत चौकशी केली, तेव्हा अकरा कुटुंबांत वर्षाला सुमारे तीन मृत्यू होतात असे आढळले. वर्षाचे दफन सुमारे 13,000, म्हणून कुटुंबे सुमारे 48,000. नवरा-बायको, तीन मुले आणि तीन नोकर किंवा भाडेकरू धरून कुटुंबात आठ माणसे, म्हणजे एकूण 3,84,000. मग जन्मांच्या आकड्यांवरून आणि शहराच्या नकाशावरून त्याने तोच हिशेब पुन्हा करून पाहिला.

तरी त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस. शंभरातले 36 जण सहा वर्षांच्या आत मरतात आणि शहात्तराव्या वर्षी एकच उरतो, अशी त्याची प्रसिद्ध सारणी आहे. पण त्या पत्रकांत मृताचे वय लिहिलेलेच नसे. आकडी, मुडदूस, दात येणे अशी बालपणीची कारणे त्याने पूर्ण धरली, देवी आणि गोवर यांचे निम्मे मृत्यू लहान मुलांचे मानले आणि 36 हा आकडा काढला. मधल्या वयांत उरणाऱ्यांची 40, 25, 16, 10 ही उतरंड ठरावीक प्रमाणाने बसवलेली आहे. वयाच्या खऱ्या नोंदी असलेली ब्रेस्लाव शहराची कागदपत्रे हॅली यांच्या हाती पडली, तेव्हा 1693 साली वर्षासनाची (हयातभर दरसाल मिळणाऱ्या रकमेची) किंमत ठरवता येईल अशी सारणी झाली. (हॅली म्हणजे धूमकेतूचेच.)

मी नोकरीत नवा असताना एका कार्यालयाची पावसाची नोंदवही माझ्याकडे तपासायला आली होती. तीन आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवल्यासारख्या होत्या, आणि मी मात्र त्यांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी वही माझ्यापुढे उघडी ठेवली आणि काही बोलले नाहीत. ती शाई मला अजून दिसते.

आता तुझ्या तक्त्याकडे वळतो. त्यात 'हृदयक्रिया बंद पडल्याने' हा शेरा इतर सर्व कारणांपेक्षा जास्त वेळा आला आहे, आणि त्यावरून शहरात हृदयविकार वाढल्याचा निष्कर्ष तू काढला आहेस. हृदय तर प्रत्येक मरणाऱ्याचे बंद पडते. आलेख काढण्याचे काम महिनाभर बाजूला ठेव. नोंदणी कार्यालयात परवानगी घेऊन चार दिवस बस. तो शेरा डॉक्टर लिहितात की घरचे सांगतात, रात्रीच्या मृत्यूंत तो जास्त येतो का, घरी झालेल्या आणि रुग्णालयात झालेल्या मृत्यूंत किती फरक पडतो, हे पाहा आणि मला सविस्तर लिही. कोऱ्या फॉर्मची एक प्रत मिळाली तर तीही पाठव.

तुझा हितचिंतक