क्लबच्या शर्यतींसाठी इलेक्ट्रॉनिक टायमिंग घ्यायचंय, चिप घ्यावी की कॅमेरा?

तुमचा क्लब छोटा, १०० मीटरपासून ५ किलोमीटरपर्यंत सगळंच पळवता आणि पैसे एकाच सिस्टीमपुरते, असं म्हणताय ना, मग कॅमेरा घ्या. फोटो फिनिशचा, म्हणजे फिनिशच्या रेषेचे सलग फोटो काढणारा, त्यावरून प्रत्येकाचा टाइम वाचायचा. ट्रॅकवर चिप, म्हणजे धावणाऱ्याला लावायचा आणि रेषेवरच्या अँटेनाने वाचला जाणारा छोटा टॅग, नकोच, आणि हे मी एका पोरीवर डोळ्यांदेखत अन्याय झालेला बघून सांगतोय.

आमच्या क्लबात हाच वाद झाला होता. मी फिनिशला जज असायचो, मी म्हणत होतो कॅमेरा, सेक्रेटरींचं म्हणणं रोड रेसला सगळे चिपच वापरतात, शर्यत संपली की रिझल्ट तयार, एकेक फोटो वाचत कोण बसणार. आली चिप, बुटाच्या लेसला बांधायची. पहिल्याच मीटला मुलींची १०० मीटर फायनल, तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधल्या दोघी शेवटपर्यंत बरोबरीने, रेषेवर तिसरीवालीने छाती झोकून दिली. मी रेषेच्या सरळीत स्टुलावर उभा, मला स्वच्छ दिसलं तीच पुढे आहे. स्क्रीनवर चौथी लेन पहिली, ०.०९ सेकंदाने! झालं असं की हिचा चिपवाला पाय त्या क्षणी मागे होता आणि दुसरीचा पुढे. धावताना दोन पायांत मीटरभर अंतर सहज पडतं, आणि सेकंदाला ८ मीटरच्या वेगात एक मीटर म्हणजे ०.१२५ सेकंद, करा हिशोब. नियमात धड रेषेला कधी पोचलं तेच बघतात, डोकं, मान, हात, पाय काही धरत नाहीत. पोरगी माझ्याकडे आली, "सर, मी पहिली होते ना?" मागून सेक्रेटरी म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल. अहो, मशीनने बुटाचा टाइम दिला, तो बरोबरच होता, पण शर्यत बुटांची नव्हती. मी तेव्हा लेखी हरकत घेतली नाही, ते अजून सलतं.

बिबवरची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कापडावरची चिप घ्या म्हणजे प्रश्न मिटला असं सांगणारे भेटतील. नाही मिटत. घामाने ओल्या अंगाला टॅग चिकटला की सिग्नल मार खातो, आणि अँटेना नेमकं रेषेवर नाही, आसपासच्या पट्ट्यात वाचतो. बीमवालं, म्हणजे रेषेवरचा प्रकाशाचा झोत तुटला की टाइम लावणारं, स्वस्त पडतं पण ज्याचा हात आधी आडवा आला त्याचा टाइम लागतो, ते एकेकट्याच्या ट्रायललाच ठीक.

कॅमेरा घेतलात तर तो स्टार्टच्या बंदुकीच्या सेन्सरला जोडलेला हवा, बटण दाबून सुरू केलात तर तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम त्यात आलाच. दर मीटच्या आधी बंदूक फिनिशला आणून कॅमेऱ्यासमोर उडवून बघा, शून्य यायला हवं. आणि पालकांना आधीच सांगून ठेवा की स्टॉपवॉचचा टाइम १०० मीटरला साधारण ०.२४ सेकंदाने कमी येतो, नाहीतर पोरं स्लो झाली म्हणून भांडत येतील. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतचे जागतिक विक्रमसुद्धा इलेक्ट्रॉनिक टाइमवरच धरतात, उगाच नाही.

हां, एक राहिलं, तुमच्याकडे ५ किलोमीटर आणि क्रॉसकंट्रीच जास्त असेल, शे-दोनशे जण लोंढ्याने येत असतील, तर मात्र चिपच घ्या, तिथे फोटो वाचता वाचता रात्र होईल. फक्त पहिल्या तिघांसाठी मोबाइल स्टँडवर लावून रेषेच्या सरळीत सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेत चला.

आणि सिस्टीम कुठलीही आणा, फिनिशच्या जजला उठवू नका. आमच्याकडे त्या मीटनंतर आता मशीन आहे म्हणून स्टूलच काढून टाकलं, ते अजून स्टोअररूममध्ये पडलंय.