वाचकांचे प्रश्न : सपाट चौकोन आत वळतात कसे?

प्रश्न : माझा मुलगा इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करतो आहे. संकल्पचित्रासाठी त्याने मोबाईलवर ब्रिजेट रायली या इंग्रज चित्रकर्तीचे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे चित्र शोधले. थोडा वेळ पाहिले की ते आत खचल्यासारखे दिसते आणि डोळे गरगरतात. याला चित्र म्हणायचे की नजरबंदी? पट्टी घेऊन असे कुणीही काढेल, मग त्यात चित्रकाराचे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते चित्र 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स'. १९६१ सालचे, हार्डबोर्डवर टेंपेराने (पाणी घालून वापरायच्या रंगाने) रंगवलेले, साधारण सव्वा मीटर उंच आणि तेवढेच रुंद. मी कलाशिक्षिका असताना त्याचा छापील कागद वर्गात लावत असे आणि मुलांना आधी पट्टीने मोजायला सांगत असे. तुम्हीही मोजा. चौकोनांची उंची सगळीकडे सारखीच आहे. रुंदी मात्र डावीकडून उजवीकडे घटत जाते, मध्याच्या थोडे पलीकडे नुसत्या फटी उरतात आणि तिथून ती पुन्हा वाढू लागते. चित्रात आहे ते एवढेच. एकही वक्ररेषा नाही, कुठे छायाप्रकाश नाही. नजरबंदीतली युक्ती कळली की तिची जादू संपते. हे चित्र पूर्ण मोजून झाल्यावरही आत वळतेच, म्हणून मी त्याला निःशंकपणे चित्र म्हणते.

डोळे गरगरतात त्याला कारण आहे. आपण एखाद्या बिंदूवर टक लावतो तेव्हाही बुबुळे बारीकशी हलत असतात. एरवी ते जाणवत नाही. पण काळ्या-पांढऱ्या धारदार कडा दाटीने आल्या की डोळ्यात रेंगाळलेली आधीची प्रतिमा आणि समोरच्या रेषा एकमेकींवरून सरकतात, आणि जागच्या जागी असलेले चित्र लहरू लागते. लंडनच्या टेट संग्रहातले 'फॉल' (१९६३) यासाठी जरूर पाहा. त्यात एकच नागमोडी रेषा शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा येते आणि खाली जाताना तिची वळणे जवळ जवळ येतात. नजर वरून खाली अक्षरशः घसरते.

आता 'कुणीही काढेल' याविषयी. १९५९ मध्ये रायली यांनी जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराच्या कूर्बव्वा इथल्या पुलाच्या चित्राची नक्कल केली, तीही पुस्तकातल्या छापील चित्रावरून आणि आकाराने मोठी. स्यूरा रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांचा मेळ पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो. हे कसे घडते ते त्यांना स्वतःच्या हाताने समजून घ्यायचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी इटलीतल्या सिएनाजवळचा उन्हाने तापलेला मुलूख ठिपक्यांनी रंगवला : 'पिंक लँडस्केप'. त्यानंतर वर्षभरात टेकड्या गेल्या, रंग गेले, आणि डोळ्यात होणारी ती हालचाल मात्र राहिली. चौकोन इतक्या वाटेने आले आहेत. रुंदी कुठल्या वेगाने घटवायची, घडी नेमकी कुठे पाडायची, हे पट्टी सांगत नाही. म्हणूनच पुढे रायली यांची मोठी चित्रे सहाय्यकांनी रंगवली तरी ती त्यांचीच ठरतात. आधीचे कागदावरचे अभ्यास, फेरफार आणि निर्णय त्यांचे असतात.

हे न समजल्याने काय होते ते १९६५ मध्ये दिसले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' हे गाजलेले प्रदर्शन भरले. रायली तिथे पोचल्या तर त्यांच्या चित्रांवरून छापलेल्या कापडांचे पोशाख दुकानांच्या काचांमागे टांगलेले. त्या फार दुखावल्या, आणि मला ते पूर्ण पटते. कापड कुठेही कापता येते. या चित्राची एक उभी पट्टी काढून टाकली तर ते उरतच नाही.

मुलाला एक करून पाहू द्या. आडव्या कागदावर चाळीस मिलिमीटर उंचीच्या चार ओळी आणि दहा उभे रकाने आखायचे. पहिल्या कागदावर रकान्यांची रुंदी ४०, ३६, ३२ अशी चारचारने घटवत ४ पर्यंत न्यायची. दुसऱ्यावर ४०, ३८, ३५, ३१, २६, २०, १४, ९, ५, ३. दोन्हींची एकूण लांबी जवळपास सारखीच होते. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक घर काळे भरून दोन्ही कागद भिंतीवर लावा आणि चार पावले मागे जा. दुसरा कागद पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त गोलाईने वळलेला दिसेल. मग दुसऱ्यातले मधले आकडे त्याला स्वतःला बदलू द्या. संकल्पचित्र तिथून सुरू करावे, मोबाईलवरून उतरवू नये.

प्रश्न : ऑप आर्टचा, म्हणजे डोळ्याला हालचालीचा किंवा खोलीचा भास देणाऱ्या अशा चित्रांचा, जनक म्हणून चित्रकार व्हिक्टर व्हासारेलींचे नाव वाचले. रायली त्यांच्याच परंपरेतल्या का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : व्हासारेली रायली यांच्यापेक्षा वयाने पंचवीस वर्षांनी मोठे, जन्म १९०६, हंगेरीतल्या पेच गावचा. १९३० मध्ये ते पॅरिसला आले आणि बरीच वर्षे जाहिरातींची कामे करत होते. त्यांच्या 'वेगा' मालिकेत चौकटींची जाळी मधोमध फुगून गोळा बाहेर येतो. चित्र एकट्या श्रीमंताच्या भिंतीवर न राहता हजारो प्रतींत, इमारतींवर, रस्त्यावर यावे, हा त्यांचा ध्यास होता आणि तो मला मनापासून आदरणीय वाटतो. रेनॉ मोटारींचे १९७२ चे चौकटीसारखे बोधचिन्ह त्यांनी मुलासह केले. पण त्यांचा गोळा एकदा ओळखला की नजर तिथेच थांबते. रायली यांच्या चित्रात नजरेला थांबायला जागाच मिळत नाही. त्या स्यूराच्या वाटेने आल्या, व्हासारेली जाहिरातीच्या.