आक्रमणापुढे देश हरला, तर तिथल्या लोकांत देशभक्तीच कमी होती असे म्हणता येईल का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. 1940 मध्ये जर्मनीच्या हल्ल्यापुढे फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला, तेव्हा सत्ता हाती घेतलेले मार्शल पेतां यांनी पराभवाचे खापर राष्ट्राच्या सुखासीन वृत्तीवर फोडले. प्रत्यक्षात त्या सहा आठवड्यांत 50 हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक मारले गेले होते, आणि चुकले होते ते आर्देनच्या जंगलातून मोठा हल्ला होणार नाही हे सेनापतींचे गृहीतक. पुढे 1942 मध्ये रियों येथे पेतां यांच्या राजवटीने पराभवाला जबाबदार धरून माजी पंतप्रधान ब्लुम आणि दलादिए यांच्यावर खटला चालवला, पण चौकशी 1936 पासूनच्याच कारभाराची. कारण उघड होते: 1934 मध्ये युद्धमंत्री खुद्द पेतां होते. आरोपींनी नेमके त्यावरच बोट ठेवले आणि खटला अर्धवट गुंडाळावा लागला.

लढण्याची तयारी मात्र निव्वळ भावनेवर उभी राहत नाही, असे मला वाटते. 1918 च्या यादवीत फिनलंडमध्ये कामगार आणि मालकवर्ग एकमेकांच्या जिवावर उठले होते, तरी 30 नोव्हेंबर 1939 रोजी सोव्हिएत सैन्य चालून आले तेव्हा दोन्ही घरांतली मुले एकाच खंदकात होती, कारण मधल्या वीस वर्षांत भूमिहीन कुळांना जमिनी मिळाल्या होत्या आणि कामगारांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष सत्तेत सहभागी झाला होता. एवढे असूनही मार्च 1940 च्या तहात फिनलंडला बराच प्रदेश गमवावा लागला; त्यांच्या देशभक्तीवर मात्र कोणी शंका घेत नाही.